सासूबाई फिरायला गेल्या आहेत

कालव्यावरचा चौथा पूल मागे पडला, तेव्हा वन्सं निदान दहाव्यांदा म्हणाल्या, "वहिनी, किती वाजले असतील गं?"

"घड्याळ कुणाच्या मनगटावर आहे?"

"माझ्या. पण मी बघणार नाही. बघितलं तर कळेल ना!"

वहिनी तोंडावर हात धरून हसली. वन्सं म्हणजे एकसष्ट वर्षांची बाई, पण निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी घुटमळणाऱ्या पोरीसारखी चालत होती. चार पावलं झपाझप, मग एक उसासा, मग पुन्हा चार पावलं.

खरं तर या वन्सं वहिनीच्या नवऱ्याची धाकटी बहीण. धाकट्या नणंदेला कुणी एवढ्या अदबीनं हाक मारत नाही. पण वहिनी लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात या नणंदेनं स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले, उंचीप्रमाणे लावले आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. साखरेच्या डब्यावर लिहिलं होतं, 'साखर. मीठ शेजारी आहे. बघून घ्या.' तेव्हा वहिनी थट्टेनं म्हणाली, "जशी आज्ञा, वन्सं." ती थट्टा सदतीस वर्षं टिकली, चिठ्ठ्याही टिकल्या.

वन्संनी लग्न केलं नाही. एका लिफ्टच्या कंपनीत सुट्या भागांच्या कोठारावर त्यांनी तेहतीस वर्षं काढली. हातात पाना कधी धरला नाही, पण कुठल्या लिफ्टला कुठली स्प्रिंग लागते ते झोपेतून उठवून विचारावं. दुरुस्तीवाले खिडकीशी येऊन म्हणत, "ताई, ते दाराच्या वरचं छोटं हे असतं ना, ते द्या." आणि वन्सं नेमकं 'ते छोटं हे' काढून देत. वर ऐकवतही, "याला नाव आहे. पुढच्या वेळी नावानं मागायचं."

एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी यादी सुरू केली. यादी म्हणजे एक ई-मेलचा पत्ता. त्या पत्त्यावर कुणी काही लिहिलं की यादीतल्या प्रत्येकाला त्याची एकेक प्रत जाते. लिफ्ट अडली, कारण सापडेना, की यादीवर विचारायचं; ज्याला माहीत असेल तो सांगतो. सुरुवातीला बावीस माणसं होती, आता चार हजारांच्या वर झाली. जिथे म्हणून आपली भाषा बोलणारा माणूस लिफ्टच्या खड्ड्यात उतरलाय, तिथून तिथून ई-मेल येतात. आणि आलेला प्रत्येक ई-मेल आधी वन्संच्या नजरेखालून जातो, मगच पुढे सुटतो. मथळ्यात पहिला शब्द हवा: दार, दोर, ब्रेक, बटणं किंवा इतर. जुन्या ई-मेलला उत्तर देताना त्यातच नवा प्रश्न घुसडायचा नाही. असे नऊ नियम. चुकलं की ई-मेल परत. एकदा एकानं मथळ्यात नुसतं 'मदत' लिहिलं, तर वन्संनी उलट टपाली कळवलं, 'मदत हा मथळा नाही. ती किंकाळी आहे. कुठे दुखतंय ते लिहा.'

तेव्हापासून यादीवर त्यांचं नाव पडलं सासूबाई. वहिनीचा नवरा स्वतः लिफ्टचा मेकॅनिक, तोही यादीत. तो जेवताना म्हणायचा, "आमच्या हिनं लग्न केलं नाही आणि चार हजार जावई करून ठेवले!"

आणि आज त्या चार हजार जावयांची मतमोजणी होती.

झालं होतं असं की टर्बो नावानं लिहिणाऱ्या एका तरण्या मेकॅनिकनं महिन्यापूर्वी यादीवर टाकलं: ई-मेल म्हणजे बैलगाडी. यादी बंद करू, फोनवर ग्रुप काढू. वन्संनी त्याचा मथळा दुरुस्त केला, 'इतर' हा शब्द पुढे जोडला आणि तो ई-मेल स्वतःच्या हातानं चार हजार जणांना सोडला. दाबून ठेवला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण मग रात्री जेवल्या नाहीत. "ग्रुपवर काल विचारलेलं आज वाहून जातं गं," एवढंच म्हणाल्या. "एकोणीस वर्षांची उत्तरं आहेत माझ्याकडे. शोधली की सापडतात. ती कुठे जाणार?"

मतांसाठी वेगळा पत्ता केला होता, तिथे मतं आपोआप मोजली जायची. आज संध्याकाळी सहापर्यंत मुदत. ग्रुप जिंकला तर उद्या सकाळी यादी बंद.

दुपारी जेवण झाल्यापासून वन्संनी मतांची पेटी एकोणतीस वेळा उघडून बंद केली होती. आत बघायचं नाही, सहानंतरच, असा त्यांचाच नियम. म्हणून नुसतीच उघडायची आणि डोळे मिटून बंद करायची. शेवटी वहिनीनंच फर्मान काढलं. "चला. कालव्यानं शेवटच्या पुलापर्यंत जाऊ आणि सहाच्या आत परत. फोन घरी. तुमचाही आणि माझाही."

"अगं, पण कुणी लिहिलं आणि मी दोन तास काही बोलले नाही, तर मी गेले असं समजतील!"

"मग सांगून ठेवा. दवाखान्यात फोन केला की आपोआप येतं ना, डॉक्टर बाहेर गेले आहेत, तसं काहीतरी लावा."

वन्संनी एका पायात चप्पल घालून, दुसरी हातात घेऊन, उभ्याउभ्याच संगणकावर ते लावलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मग राहवलं नाही म्हणून यादीला जाता जाता एक आठवण टाकली, 'आज सहापर्यंत मत द्यावे.' तेव्हा बरोबर तीन वाजले होते.

पाचव्या पुलापर्यंत वहिनीनं त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवलं. मनातल्या मनात तिचं आपलं चाललं होतं: देवा, हिच्या मनासारखं होऊ दे, आणि नाही झालं तर ते हिला झेपू दे. तिच्या प्रार्थना अशाच असत, दोन्ही बाजूंनी शिवलेल्या.

सहावा पूल जुना, दगडी कमानीचा. वाट त्याच्या खालून जायची. आत गारवा होता आणि आवाज घुमत होता. वहिनीला काय वाटलं कोण जाणे, तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली, "ओ वन्सं!"

"...वन्सं! ...अन्सं! ...सं!" कमान म्हणाली.

वन्सं दचकल्या, मग खुदकन हसल्या. इकडे तिकडे बघितलं. कुणी नव्हतं. त्यांनीही पिशवी खाली ठेवून आरोळी दिली, "मी फिरायला गेले आहे!"

"...गेले आहे! ...आहे! ...हे!"

दोघींना चेव चढला. वहिनी ओरडली, "कधी येणार?" वन्सं ओरडल्या, "मथळा काय?" कमान बिचारी सगळ्यांना उत्तरं देत राहिली. हसून हसून वहिनी भिंतीला टेकली. डोळे पुसून बघते तो वन्सं हात तसाच तोंडाशी धरून कमानीकडे बघत उभ्या.

"काय झालं? चक्कर येतेय का?"

"वहिनी," वन्सं हळूच म्हणाल्या, "मी तीन वाजता यादीला आठवण पाठवली."

"हो."

"यादी प्रत्येकाला एक प्रत देते. मलाही देते."

"बरं."

"मला प्रत आली की ते आपोआपचं उत्तर जाणार, मी फिरायला गेले आहे. कुणाला जाणार? जिथून आलं तिथे. यादीला."

"मग?"

"मग यादी ते उत्तर सगळ्यांना देणार. मलाही देणार. की पुन्हा माझं आपोआपचं उत्तर, मी फिरायला गेले आहे. ते पुन्हा सगळ्यांना. पुन्हा मला!" त्यांनी कमानीकडे बोट दाखवलं. "हे असं. फक्त हे विरतं. ते विरत नाही. मिनिटाला एक, वहिनी. मिनिटाला एक!"

"पण तुम्ही तर प्रत्येक ई-मेल अडवून बघता ना?"

"सगळ्यांचे अडवते. माझे नाही अडत. माझे सरळ जातात." वन्सं मटकन दगडावर बसल्या. "नियम सातवा: बाहेर जाताना आपोआप उत्तर लावल्यास यादीचा पत्ता त्यातून वगळावा. मी लिहिलाय तो. ठळक अक्षरात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान..."

"...आपण कोरडे पाषाण," वहिनीच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं जीभ चावली. "उठा. हे कुणाच्या डोक्यातून निघालं? माझ्या. दवाखान्याचं मीच बोलले. चला."

त्या पळाल्या. म्हणजे त्यांना वाटलं आपण पळतोय. वहिनीचा एक गुडघा नको म्हणत होता आणि वन्सं दर वीस पावलांनी घड्याळाकडे बघून आकडा सांगत होत्या. "शहाऐंशी! सत्त्याऐंशी! चार हजार जणांना सत्त्याऐंशी वेळा, वहिनी! आणि मतं द्यायच्या दिवशी! मी स्वतःच वैतागून ग्रुपला मत देईन!"

पाचव्या पुलापाशी कालव्याचं पाणी सोडायची लोखंडी दारं होती. त्या दारांवरचा माणूस खुर्ची उन्हातून सावलीत ओढत होता. वहिनीनं धापा टाकत त्याच्याकडे फोन मागितला.

"कुणी बुडालं का?" त्यानं घाबरून विचारलं.

"अजून नाही," वन्सं म्हणाल्या.

वहिनीला पाठ असलेला नंबर एकच, नवऱ्याचा. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका सोळा मजली इमारतीत कामावर होता. तिनं फोन लावला आणि वन्संच्या हातात दिला. त्यांनी तो दोघींना ऐकू येईल असा धरला.

"दादा, मी बोलतेय. ऐक, मी बाहेर..."

"फिरायला गेली आहेस!" पलीकडून दादा ओरडला. "मला माहीत आहे! मला हे आतापर्यंत एकशे चार वेळा कळलंय!" मागून चार-पाच जणांचा हसण्याचा गडगडाट आला. "थांब, थांब... एकशे पाच! अगं, इथे आम्ही सगळे काम टाकून बसलोय. माझ्या मदतनिसानं तर चाल लावलीये. ए, म्हण रे!" आणि कुणीतरी खड्या आवाजात गायला लागलं, "आपला निरोप मिळाला, मी फिरायला गेले आहे, तोवर धीर धरावा आणि मथळा तपासावा..."

"दादा! मतांचा दिवस आहे! तू घरी जाऊन बंद कर!"

"मला यायला सव्वा तास तरी लागेल. आणि तुझा पासवर्ड तू देवालाही सांगत नाहीस. तूच पळ, सासूबाई! एकशे सहा!"

वन्संनी फोन परत दिला. चेहरा रडवेला, पण ओठ थरथरत होते ते रडण्यानं की कशानं, ते वहिनीला कळेना. दारांवरच्या माणसानं सगळं ऐकलं होतं. त्यातलं त्याला काय समजलं देव जाणे, पण तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि पहिलाच आलेला टेम्पो त्यानं हात आडवा करून थांबवला. "बायकांना घाईची अडचण आहे," एवढंच त्यानं ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हरनं वेगळाच अर्थ घेतला असावा, कारण त्यानं एक प्रश्न न विचारता मागचा फाळका पाडला.

टेम्पोत रोपवाटिकेच्या कुंड्या होत्या. पुढे जागा नव्हती. तेव्हा एका मोठ्या पानांच्या झाडाला मिठी मारून वन्सं बसल्या आणि दोन गुलाबांच्या मध्ये अंग चोरून वहिनी. टेम्पो सुटला. वळणावर सगळ्या कुंड्या डावीकडे, सगळ्या कुंड्या उजवीकडे. पानांतून वन्संचा आवाज येत होता, "एकशे एकोणीस... वहिनी, काटे लागतायत का? ...एकशे वीस."

"लागतायत. मोजा तुम्ही."

चौकात सिग्नलला टेम्पो थांबला. बाजूच्या मोटारीतल्या एका बाईनं काच खाली करून झाडातून डोकावणाऱ्या वन्संकडे बघितलं. वन्सं तिला अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "मी फिरायला गेले आहे."

वहिनीनं एवढं ऐकलं मात्र. तिला जे हसू फुटलं ते आवरेना. मग वन्संनाही फुटलं. घर येईपर्यंत दोघी हसत होत्या, कुंड्यांच्या मातीत हात टेकवून, पोट धरून, एकीचं थांबलं की दुसरीचं सुरू. उतरल्या तेव्हा ड्रायव्हर काळजीनं म्हणाला, "डॉक्टरला बोलावू का?"

साडेपाचला दोन मिनिटं कमी असताना वन्सं संगणकासमोर पोचल्या. आपोआपचं उत्तर त्यांनी बंद केलं तेव्हा एकशे एक्कावन्नावं गेलेलं होतं. मथळ्यात 'उत्तर: उत्तर: उत्तर:' इतकं लांब झालं होतं की पडद्याच्या कडेपर्यंत तेच. त्याच्याखाली वन्संनी अडवून बघायचे असे ई-मेल रांगेत थांबले होते. दोनशे बारा. सगळ्यांचा मथळा तोच.

"शिव्या असणार," वन्सं म्हणाल्या. "सगळे एकदम पुसते. यादीला एक माफीचं लिहिते आणि मोकळी होते."

"थांबा. न वाचताच?" वहिनीनं खुर्ची ओढली. ती शाळेत वाचायला शिकली ती अशी, की कागद हातात घेतला तर शेवटच्या ओळीपर्यंत जायचं. पोथी असो की औषधाच्या बाटलीवरचं बारीक, ओळ गाळायची नाही. "तुम्ही माफीचं लिहा. मी वाचते."

ती मोठ्यानं वाचत सुटली. 'सासूबाई, व्यायाम चांगला, पण इतकी चाल एका दिवसात नको.' 'माझी बायको विचारते आहे, ही कोण बाई मला मिनिटामिनिटाला कळवते की ती बाहेर आहे.' 'मी मथळा एक्काहत्तर वेळा तपासला. बरोबर आहे.' 'सासूबाई, घरी या. जावई उपाशी आहेत.' एकानं तक्ताच करून पाठवला होता, दर मिनिटाला एक, सरळ रेष; खाली लिहिलं होतं, 'इतका नियमित निरोप आमच्या साहेबांनी जन्मात दिला नाही.' शिवी एकही नव्हती. वन्संचं पेन कागदावर माफीशीच अडकलं होतं; 'क्षमस्व' लिहून त्या हसत, खोडत, पुन्हा लिहीत.

एकशे चाळिसाव्या की एकेचाळिसाव्या ई-मेलपाशी वहिनीचा आवाज बदलला.

"वन्सं, हा थट्टा करत नाहीये."

वरती तोच मथळा, उत्तर: उत्तर: मी फिरायला गेले आहे. पण खाली लिहिलं होतं: 'ताई, नवा ई-मेल कसा करायचा ते आत्ता सुचत नाही म्हणून यातच लिहितो. दवाखान्यातली लिफ्ट आहे. दुपारपासून चौथ्या मजल्यावर दार लागतं आणि परत उघडतं. खाटेवरचे रुग्ण खाली न्यायचेत. वरचं कुलूप दोनदा बदललं. जुनी जात आहे, पितळी उंबऱ्याची. कुणाला माहीत आहे का?' पाच वाजून आठ मिनिटांनी पाठवलेला.

वन्संचं हसू कुठल्या कुठे गेलं. पाठ ताठ झाली. "पितळी उंबरा," त्या पुटपुटल्या आणि जुन्या उत्तरांत शोधू लागल्या. दार, पितळी, उंबरा. पडद्यावर तीन उत्तरं आली. दुसरं नऊ वर्षांपूर्वीचं. लिहिणारा एक म्हातारा मेकॅनिक, यादीतल्या पहिल्या बावीस जणांपैकी. त्याला जाऊनही आता पाच वर्षं झाली होती. त्यानं लिहिलं होतं: 'वरच्या कुलपाला छळू नका, ते निर्दोष आहे. या जातीत कुलपाचा एक जोड उंबऱ्याखालच्या पेटीत असतो. फरशी धुतली की पाणी तिथे उतरतं. पेटी उघडा, पुसा, केस वाळवायच्या यंत्रानं कोरडी करा. आणि फरशी पुसणाऱ्या बाईवर ओरडू नका, तिला कुणी सांगितलेलं नसतं.'

वन्संनी ते जसंच्या तसं दवाखान्यात पाठवलं. मग दोघी पडद्याकडे बघत बसल्या. पावणेसहा झाले. मतांची पेटी तिथेच होती, पण वन्संचा हात तिकडे गेला नाही. वहिनीचे ओठ हलत होते.

पाच पंचावन्नला उत्तर आलं: 'चालू झाली. पेटीत ओंजळभर पाणी होतं. पहिला रुग्ण खाली गेला. म्हाताऱ्या काकांना माझा नमस्कार सांगा.'

"सांगू हं," वहिनी हळूच म्हणाली. वन्संनी चष्मा काढून पुसला, तो उगाचच बराच वेळ पुसत राहिल्या.

सहा वाजले. आता पेटी उघडायची. वन्सं डोळे मिटून बसल्या, म्हणाल्या, "तू वाच. ग्रुप असेल तर हळू आवाजात वाच."

वहिनीनं आकडे दोनदा बघितले, आणि मग ओरडलीच. "यादी, तेराशे अठरा! ग्रुप, सहाशे चाळीस!"

"नीट बघ. उलट वाचत असशील."

"मी कधी उलट वाचते का? आणि हे बघा, तुमच्या टर्बोचं मत. तीन वीसला ग्रुपला दिलं, पाच वाजता बदललं. खाली लिहिलंय, 'सासूबाईंचे सगळे निरोप मी मथळा बघून एका फटक्यात बाजूच्या खणात लोटले आणि कामाला लागलो. फोनवर ग्रुप असता तर एवढ्या वेळा खिशात वाजलं असतं, आणि मी फोन लिफ्टच्या खड्ड्यात टाकला असता. मत बदलतो आहे. बैलगाडीला निदान ब्रेक आहे.'"

वन्संनी खुर्चीतच एक गिरकी घेतली. खुर्चीला चाकं होती, ती भिंतीला जाऊन आपटली. मग त्यांनी वहिनीला धरून दुसरी गिरकी घेतली. वहिनीच्या केसांतून गुलाबाचं एक पान खाली पडलं.

तेवढ्यात दादा आला. दारातूनच हातातला डबा उंच धरून म्हणाला, "एकशे एक्कावन्न! सासूबाईंचा विजय असो! आणि आता शिक्षा!"

"कसली शिक्षा?" वहिनीनं विचारलं. "जिंकल्यात त्या."

"नियम सातवा मोडला की सात दिवस यादीबाहेर. सात दिवस एक ओळ लिहायची नाही, एक ओळ वाचायची नाही. तुझ्या भाचीच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा माझ्या एका, ऐक, एका आपोआप उत्तरासाठी हिनं मला बाहेर काढलं होतं. सख्ख्या भावाला! मी म्हटलं, अगं एकच गेलं. तर म्हणाली, 'दादा, यादीला भाऊ नसतो.' अकरा वर्षं मी या दिवसाची वाट बघतोय."

"जाऊ द्या ना," वहिनी म्हणाली. "दोनशे लोकांनी हसून सोडून दिलं. त्यांनी एवढं केलं यादीसाठी..."

"नाही, वहिनी," वन्सं म्हणाल्या. त्या शांत झाल्या होत्या. "दादा बरोबर बोलतोय. तुला मी कधी बरोबर म्हटलं नाही दादा, आज म्हणते. घे ऐकून."

दादानं उंच धरलेला डबा खाली ठेवला. त्याला बहुधा नुसतं चिडवायचं होतं. "अगं, मी आपला गंमत... तू बाहेर गेलीस तर ई-मेल सोडणार कोण? सात दिवस यादी मुकी राहिली तर आज ज्यांनी मत दिलं तेच ग्रुप काढतील. हवं तर मी बघतो."

"तू? तुला सगळंच बरोबर वाटतं. तू आंधळेपणानं सोडशील. आणि टर्बोला दिलं तर हरलेले म्हणतील ही मिरवते, जिंकलेले म्हणतील ही घाबरली." वन्संनी माफीचा कागद पुढ्यात ओढला आणि त्याखाली आणखी दोन ओळी लिहिल्या: 'नियम सातवा मोडल्यामुळे सासूबाई उद्यापासून सात दिवस यादीबाहेर आहेत. या काळात यादीचे काम बघतील', आणि पुढची जागा मोकळी सोडली.

मग खुर्ची फिरवून त्या वहिनीसमोर आल्या.

"आज ते दोनशे बाराही मी न वाचता पुसले असते. मथळा बघून. माझा तर तोच नियम आहे, आणि त्या दवाखान्यातल्या माणसाचा मथळा चुकलेला होता."

"मला लिफ्टमधलं काय कळतं, वन्सं? मी तर जिन्यानं जाते."

"कळायची गरज नाही. कळणारे चार हजार आहेत. एकोणीस वर्षं जेवताना ऐकतेस तू, दार कुठलं, दोर कुठला, ते तुला कळतं. मघाशी वाचताना तूच म्हणालीस, हा थट्टा करत नाहीये. म्हणालीस की नाही?"

"म्हणाले असेन. पण मी कुणाला रागावणार नाही हं. मला ते जमायचं नाही."

"नको रागावूस," वन्सं म्हणाल्या आणि पेन तिच्या हातात दिलं. "ज्याचा मथळा चुकला असेल त्याचाही ई-मेल खालपर्यंत वाच, एवढंच. सात दिवस माझी यादी सांभाळशील का, वहिनी? तुझं नाव इथे तूच लिही."